फिटणारी शिक्षा

टोरांटोत राहणाऱ्या एका माणसाचा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. मी त्याला पाहिलेलं नाही, आमची गाठ पडावी असं काही कारणही नाही. पण महिन्याच्या सुरुवातीला भाडं, वीजबिल, वाणसामान यांचा हिशेब मांडायला बसलं की तो आठवतो. त्याच्याही टेबलावर असाच एखादा कागद असेल. घरभाड्यासारखे टाळता न येणारे खर्च भागले की उत्पन्नातला पाव हिस्सा, कधी तीस टक्क्यांपर्यंत, त्याला निन्टेंडो या जपानी कंपनीला द्यायचा असतो. या महिन्यात द्यायचा, पुढच्या महिन्यात द्यायचा, म्हातारपणी द्यायचा. आणि शेवटच्या श्वासापर्यंत दिला तरी ती रक्कम होती तिथेच राहायची. त्याचं नाव गॅरी बाउझर. व्हिडिओ गेमच्या चोरीला वाट करून देणाऱ्या एका टोळीत तो होता.

त्या टोळीचं नाव टीम एक्झेक्युटर. निन्टेंडोचं स्विच हे खेळण्याचं यंत्र ज्यांनी हाताळलंय त्यांना माहीत असेल, की त्यात कंपनीने मान्यता दिलेलाच खेळ चालतो. बाकीच्यांसाठी आतून कडी लावलेली असते. ही कडी काढणारी छोटी उपकरणं आणि सॉफ्टवेअर ही टोळी विकत असे. एकदा कडी निघाली की इंटरनेटवरून फुकट उतरवलेला कुठलाही खेळ त्यावर चाले. बाउझर टोळीच्या वेबसाइट सांभाळायचा, उपकरणांची जाहिरात करायचा, लोकांपुढे टोळीचा चेहरा म्हणून वावरायचा. सप्टेंबर २०२० मध्ये त्याला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पकडलं आणि अमेरिकेत आणलं. पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. १० फेब्रुवारी २०२२ रोजी सिअ‍ॅटलच्या न्यायालयाने त्याला ४० महिन्यांची कैद सुनावली. सरकारी पक्षाने ६० महिने मागितले होते, बचाव पक्षाने १९. भरपाई म्हणून फौजदारी खटल्यात ४५ लाख डॉलर आणि निन्टेंडोने वेगळ्या लावलेल्या दिवाणी दाव्यात १ कोटी डॉलर देण्याचं त्याने मान्य केलं. दोन्ही मिळून १ कोटी ४५ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने शंभर कोटी रुपयांच्या वर. सात वर्षांत या धंद्यातून त्याच्या स्वतःच्या हातात आले होते सुमारे ३ लाख २० हजार डॉलर.

तुरुंगात त्याला काम मिळालं आणि त्या कमाईतून महिन्याला २५ डॉलर कापले जाऊ लागले. २०२३ मध्ये मुदतीआधी सुटला तेव्हा त्याने फेडले होते १७५ डॉलर. मी एकदा सहज भागाकार करून पाहिला. महिना २५ डॉलरच्या हप्त्याने हे देणं फिटायला ४८ हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. बाहेर पडून त्याला बरी नोकरी लागली, महिन्याला ९०० डॉलर तो भरू लागला असं धरलं, तरी तेराशे वर्षं. तेराशे वर्षांपूर्वी आपल्याकडे ज्ञानेश्वर जन्मायचे होते, यादवांची देवगिरी वसायची होती, मराठीतला पहिला ग्रंथ लिहिला जायचा होता. एवढ्या लांबीची शिक्षा एका माणसाच्या आयुष्यात कशी मावायची?

या खटल्याची बातमी जगभर पसरली तेव्हा लोक हसले. मारिओच्या खेळात राजकन्येला पळवून नेणारा, आग ओकणारा जो दुष्ट राजा आहे, त्याचंही नाव बाउझर. योगायोग खराच मोठा होता. पण त्या हसण्याने एक झालं. पायाच्या जुन्या दुखण्याने धड चालता न येणारा ५२ वर्षांचा माणूस दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी खेळातला राक्षस उभा राहिला. राक्षसाला किती शिक्षा झाली याचा हिशेब कुणी करत नाही. मला हा हिशेब करावासा वाटतो.

तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही. त्याने जे केलं ते लपूनछपून, वर्षानुवर्षं आणि पैशासाठी केलं. आणि खेळ करणाऱ्या माणसांविषयी मला जी माया वाटते ती या माणसाविषयीच्या कणवेपेक्षा जुनी आहे.

ती माया कुठून आली हे सांगायला मला नव्वदीच्या दशकातल्या सांगलीत जावं लागतं. मे महिना, दुपारची वेळ, पडदे ओढलेली काळोखी खोली, टेबल फॅनची घरघर. टीव्हीच्या मागे आरएफची वायर खुपसलेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं, तिथे व्हिडिओ गेम दिवसाच्या भाड्याने मिळायचा आणि सोबत दोन कॅसेटी. कार्ट्रिज हा शब्द आम्हाला माहीत नव्हता. पिवळ्या प्लॅस्टिकची ती चौकोनी वस्तू म्हणजे कॅसेट. तिच्यावर लिहिलेलं असायचं ‘९९९९ इन १’. प्रत्यक्षात आत पंधरा-वीसच खेळ असत आणि तेच फिरून फिरून येत. खेळ लागला नाही की कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची, पुन्हा लावायची. मग तो निळा आकाशाचा तुकडा उजळायचा, ते सूर सुरू व्हायचे आणि टोपीवाला छोटा माणूस पळायला लागायचा. मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर, सर्कस चार्ली. भाऊ, आत्येभाऊ, शेजारचा पक्या, सगळे एका रांगेत. एकाचा डाव गेला की रिमोट पुढच्याच्या हातात. आजी दाराशी येऊन म्हणायची, ‘‘डोळे फुटतील रे,’’ आणि मग स्वतःच कडेला टेकून पाहत बसायची.

ते यंत्र नकली होतं आणि ती कॅसेटही. जपानमधल्या मूळ यंत्राची ती स्वस्तातली नक्कल होती. आमच्यापैकी कुणाला त्याची कल्पना नव्हती, कारण अस्सल काय असतं ते आम्ही पाहिलंच नव्हतं. सांगली-मिरजेच्या एकाही दुकानात अस्सल निन्टेंडो विकायला नव्हता आणि असता तरी त्या किमतीला हात लावणारं घर आमच्या गल्लीत नव्हतं. महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या हजारो मुलांना मारिओ भेटला तो याच वाटेने. पुढे शहरांत सायबर कॅफे आले, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आणि मनीष मार्केटच्या गाळ्यांवर सीडींचे गठ्ठे आले, व्हाइस सिटी आणि काउंटर स्ट्राइक आले. वाट तीच राहिली.

त्या पिवळ्या कॅसेटींवरची एक गोष्ट मला मोठेपणी उमगली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. अस्सल खेळाच्या पहिल्या पडद्यावर कंपनीचं नाव आणि वर्ष असतं. नकली कॅसेटींमध्ये ती ओळ बरेचदा खोडलेली असायची. एवढं तन्मय होऊन खेळलो, पण हे कुणी केलं असेल हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही, कारण तो पडावा अशी खूणच पुसलेली होती. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घडवला. त्याची धून बांधली कोजी कोन्दो यांनी. आज ही नावं मला माझ्या आवडत्या लेखकांच्या नावांसारखी जवळची वाटतात. त्या धुनेला २०२३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिलं, तेव्हा मला घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला. गेमच्या चोरीत पैसा जातो हे खरंच आहे. पण पैशाच्याही आधी जातं ते करणाऱ्याचं नाव. माणसाने जीव ओतून केलेली वस्तू आपोआप उगवल्यासारखी जगात फिरू लागते.

करणाऱ्याचा जीव म्हणजे काय असतं ते पुण्यात पाहायला मिळतं. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ केला. सर्कशीत कसरती करणारी राजी आपल्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते आणि तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू उभे असतात. राजस्थानी वाड्यांची वळणं, पहाडी चित्रांचे रंग, मधल्या कथाभागांत सावल्यांच्या बाहुल्या. हे सगळं हाताने रंगवलेलं. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोचला नाही, तेव्हा संस्थापकांपैकी एकीने स्वतःचा फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ प्रकाशित झाला तो सगळ्यात आधी निन्टेंडो स्विचवर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या नामांकनांत तो होता.

बाउझरला अटक झाली ती याच्या पुढच्याच महिन्यात. ज्या यंत्रावर पुण्याची पोर पहिल्यांदा जगापुढे पळत आली, त्याच यंत्राची कडी काढायचं हत्यार त्याची टोळी विकत होती. म्हणून त्याच्याविषयी बोलताना ‘एवढ्या मोठ्या कंपनीचं काय बिघडतंय’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मोठी कंपनी तग धरते. फ्लॅट विकून खेळ करणाऱ्याला एक पावसाळासुद्धा जड जातो. चोरीला शिक्षा असावी, ती व्हावी, आणि विकणाऱ्याला ती टोचावी इतकी असावी, यात मला शंका नाही. माझा सगळा जीव अडकलाय तो पुढच्या प्रश्नात: ती किती असावी आणि कशाने मोजावी?

इथे मोजमापाचं एक घोळाचं ठिकाण आहे. अमेरिकेच्या सरकारी पक्षाने सांगितलं की या टोळीमुळे खेळ बनवणाऱ्या कंपन्यांचं साडेसहा कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. असले आकडे बरेचदा एका गृहीतावर उभे असतात: फुकट उतरवलेली प्रत्येक प्रत म्हणजे न झालेली एक विक्री. आमच्या काळोख्या खोलीत या हिशेबाने रोज दुपारी वीस विक्र्या बुडत होत्या. पण त्या खोलीत न झालेली विक्री अशी नव्हतीच. विक्री होण्याची शक्यताच नव्हती. युरोपीय आयोगाने करवून घेतलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये तयार झाला आणि २०१७ मध्ये उजेडात आला. सहा देशांतल्या जवळपास तीस हजार लोकांच्या पाहणीनंतर त्याने म्हटलं, की गाजणारे नवे चित्रपट सोडले तर चोरीमुळे विक्री घटते असा भक्कम पुरावा आकड्यांत सापडत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. संगणकावरच्या खेळांना लावलेल्या डेनुव्हो या कुलपाचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ बाजारात आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुलूप तुटलं तर सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास उत्पन्न बुडतं, आणि बारा आठवड्यांनी तुटलं तर जवळजवळ काहीच बुडत नाही, असं त्यात दिसलं.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. घाव खरा असतो, पण तो वेळेवर, जागेवर आणि हेतूवर अवलंबून असतो. नवा खेळ बाजारात येण्याआधीच फोडून विकणारा, जुन्या खेळाची प्रत धुंडाळणारा विद्यार्थी आणि दुकानात मिळतच नाही म्हणून नकली घेणारा बाप, या तिघांना एकच माप लावता येत नाही. आणि तो जुन्या खेळाचा शोधही हलका नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिलं, की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने आपल्या थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांवरची खेळविक्री बंद केली. पैसे देऊन घ्यावं म्हटलं तरी दुकानच उरलं नाही. विकायचं नाही आणि कुणी जतन केलं तर गुन्हेगार ठरवायचं, हे न्यायाला धरून नाही.

सिअ‍ॅटलमध्ये मात्र मोजलं गेलं ते वेगळंच. शिक्षेच्या दिवशी टोळीतल्या तीन आरोपींपैकी न्यायालयापुढे उभा असलेला बाउझर एकटा होता. बाकीचे दोघे अमेरिकेच्या हाती लागले नव्हते. एका माणसाला होणाऱ्या शिक्षेतून जगभरच्या सगळ्यांना संदेश जावा, ही भाषा त्या सुनावणीत वारंवार आली. इथे माझं मन अडतं. संदेश दुसऱ्यांसाठी असतो. तो ज्याच्या पाठीवर लिहिला जातो त्याचं काय? त्याने केलं त्याची शिक्षा त्याला झाली तर तो तिचा धनी. न सापडलेल्यांची, पुढे कधी चोरी करतील त्यांची, कंपनीला वाटणाऱ्या भीतीची शिक्षाही त्याच्याच डोक्यावर ठेवली, तर माणूस गळतो आणि फलक तेवढा उरतो. नकली कॅसेटीत करणाऱ्याचं नाव पुसलेलं असायचं. या शिक्षेत भोगणाऱ्याचं नाव पुसलं गेलं. मला या दोन्ही अन्यायांची जात एक वाटते. दोन्हींत समोरच्या वस्तूमागे, समोरच्या आकड्यामागे एक जिवंत माणूस आहे हे विसरलं जातं.

निकालाच्या एक आठवडा आधी, ३ फेब्रुवारी २०२२ रोजी, निन्टेंडोने जाहीर केलं होतं की स्विचची विक्री दहा कोटींच्या पुढे गेली. कंपनी भरभराटीत होती याचा मला आनंदच आहे. तिथे चांगली माणसं काम करतात. यंत्रांची विक्री घसरली तेव्हा, २०१४ मध्ये, तिचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी काही महिने स्वतःचा पगार निम्मा केला होता. तोटा कुणी किती सोसायचा याचं भान असलेल्या माणसाचं ते वागणं होतं. अशा कंपनीला एका माणसाच्या घरभाड्यानंतर उरलेल्या पैशांतून काय मिळतं? तिच्या वहीत ती रक्कम दिसणारही नाही. त्याच्या वहीत मात्र दुसरं काही दिसत नाही.

अशा वहीवरून मला माझे आजोबा आठवतात. ते बारामतीत एका वकिलाकडे कारकून होते. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. कोर्टकज्ज्यांत आयुष्य गेलेलं, पण सावकाराचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा. बारामतीजवळचं सुपे हे गाव त्यांच्या बोलण्यात फार यायचं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. तात्या सांगत, ‘‘लोकांनी माणसं मारली नाहीत बाळ, कागद जाळले.’’ त्या उठावात शेतकऱ्यांनी सगळ्यात आधी हात घातला तो कर्जरोख्यांना. घेतलेलं कर्ज त्यांना नाकारायचं नव्हतं. कधीच न फिटणारं कर्ज त्यांना सोसवत नव्हतं. बापाने घेतलेल्या शंभर रुपयांपायी नातवाचं शेत जात होतं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून मुळात किती दिलं होतं ते न्यायालयाने पाहावं, आणि देणं फिटलं नाही म्हणून शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, असं त्यात आलं.

तात्या दामदुपटीचा नियमही समजावून सांगायचे. आपल्याकडच्या जुन्या धर्मशास्त्रांत तो होता आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो पाळला. व्याज कितीही चढलं तरी एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. शंभर दिले असतील तर फार तर दोनशे मागा. सावकार खरा असेल, रोखा खरा असेल, कुळाने शब्द मोडला असेल, तरीही. या नियमाच्या मुळाशी असलेली समजूत मला फार मोठी वाटते. देणेकऱ्याची चूक मान्य केल्यावरही देण्याला मर्यादा असते, कारण ज्याच्याकडून घ्यायचं तो माणूस आहे आणि त्याचं आयुष्य मोजकं आहे.

बाउझरचं प्रकरण मी या नियमाच्या उजेडात पाहतो. त्याने कमावलेले ३ लाख २० हजार डॉलर काढून घ्या. ते त्याचे नव्हतेच. वर तितकेच दंड म्हणून घ्या. आयुष्यभर राबून ही रक्कमही त्याला जड गेली असती, पण तिचा शेवट दिसला असता. त्याच्यावर लादलं गेलं ते कमाईच्या ४५ पट. कैद भोगूनही सुटका नाही, कारण कैदेला तारीख असते आणि या देण्याला नाही. टोळीच्या कमाईतले कोट्यवधी डॉलर दुसऱ्यांच्या हाती गेले; देणं मात्र जो सापडला त्याच्या नावावर चढलं. गावातल्या दहा कुळांचं कर्ज एकाच्या सातबाऱ्यावर चढवावं तसं हे झालं.

आपल्या देशातला कायदा या बाबतीत कुठे उभा आहे? १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात चोरीला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. संगणकाच्या प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही सात दिवस ते तीन वर्षं कैद होऊ शकते. पण त्याच कलमाच्या पोटात एक समंजस ओळ आहे. हा वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात झाला नसेल, तर न्यायाधीश कारणं नोंदवून कैद माफ करू शकतात आणि पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतात. विकणारा वेगळा आणि घरात खेळणारा वेगळा, हे त्या ओळीला कळतं. २०१२ मध्ये कुलूप तोडण्याचा गुन्हा कायद्यात आला तेव्हाही कैदेची कमाल मर्यादा दोन वर्षं ठेवली गेली. दंडाचे आकडे माणसाच्या आवाक्यातले आहेत. फेडून उरता येईल असे आहेत.

पण इथेही दुसरं टोक आहे. प्रताधिकार भंगाचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि दोष ठरायच्या आधीच माणूस कोठडीत बसू शकतो. आणि आपल्या महाराष्ट्रात तर १९८१ चा एमपीडीए कायदा आहे, ज्याखाली झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्तींना खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. २००९ मध्ये या यादीत चित्रपट आणि गाण्यांची चोरी करणारे, ‘व्हिडीओ पायरेट्स’, यांची भर घातली गेली. मराठी चित्रपट करणाऱ्यांचे हाल मला ठाऊक आहेत. शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी सीडीवर विकला गेला की निर्माता घरी बसतो. त्यांच्या संतापाशी माझं भांडण नाही. तरीही पदपथावर सीडी विकणारा पोरगा आणि माणसं मारणारा गुंड यांना एका यादीत बसवताना, आणि पुरावा तपासायच्या आधी वर्षभर आत ठेवताना, माप हातून सुटलेलं असतं. संतापाच्या लांबीएवढी शिक्षा ठेवली तर तिला सीमा राहणार नाही.

चेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्ये शिक्षेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. गुन्हा थांबतो तो शिक्षा भयंकर असल्यामुळे नव्हे, ती चुकणार नाही याची खात्री असल्यामुळे, हे त्याचं सांगणं अडीचशे वर्षांत शिळं झालेलं नाही. हजारांतला एक सापडावा आणि त्याच्यावर हजारांचं ओझं टाकावं, याने उरलेले ९९९ घाबरत नाहीत. ते स्वतःला नशीबवान समजतात. त्याऐवजी छोटी, नक्की आणि लवकर होणारी शिक्षा जास्त काम करते. आणि शिक्षेहूनही मोठं काम करते ती परवडणारी, हाताशी असलेली अस्सल वस्तू. माझा भाचा कोथरूडमध्ये राहतो, दिवाळीत सवलत लागली की आपल्या खाऊच्या पैशांतून फोनवर खेळ विकत घेतो आणि खेळ संपल्यावर करणाऱ्यांच्या नावांची सरकती यादी थांबून वाचतो. ‘‘मामा, यात एक पुण्याची आहे बघ,’’ असं तो मला सांगतो. त्याला कुठल्याही तुरुंगाची भीती दाखवावी लागली नाही. त्याला वस्तू वेळेवर, त्याच्या ऐपतीत आणि करणाऱ्याच्या नावासकट मिळाली.

म्हणून माझं मागणं साधं आहे. जो विकतो त्याला शिक्षा व्हावी, जो नवा खेळ बाजारात येताच फोडतो त्याला जास्त व्हावी, जो घरात बसून खेळतो त्याच्यापाशी दंडावर थांबावं आणि जो दुकानातून नाहीशा झालेल्या खेळाची प्रत जपून ठेवतो त्याला गुन्हेगार म्हणू नये. कमाई काढून घ्यावी, वर दंड घ्यावा, आणि दोन्हींची बेरीज दामदुपटीच्या पुढे जाऊ नये. कैद आणि जन्मभराचं देणं एकाच माणसावर एकदम लादू नये. टोळीतल्या प्रत्येकाने आपल्या वाट्याचंच फेडावं, न सापडलेल्याचं नाही.

आणि जे देणं आधीच लादलं गेलंय, त्याचं काय? त्यातले दिवाणी दाव्यातले १ कोटी डॉलर तरी निन्टेंडोला सोडता येतात. कुठल्याही सावकाराला कर्ज सोडता येतं. त्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागत नाही. पुण्यात फ्लॅट विकून खेळ करणाऱ्यांच्या बाजूने मी उभा आहे, मियामोतो आणि कोन्दो यांच्या बाजूने उभा आहे, आणि त्यांच्या बाजूने उभा राहूनच म्हणतो, की त्यांच्या निर्मितीचा मान राखण्यासाठी टोरांटोतल्या एका माणसाचं उरलेलं आयुष्य गहाण ठेवावं लागत नाही. त्याने जे केलं त्याची शिक्षा त्याला झाली आहे. आता ती फिटली असं त्याला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो वापरावा.